गोव्यातल्या फॅमिली डॉक्टरांसाठीच्या सीएमईत (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या सत्रात) मायस्थेनिया, म्हणजे स्नायू वापरताच थकवणारा आजार, तासाभरात कसा शिकवावा?

सगळे स्नायुविकार एका तासात कोंबू नका. पापणी आणि श्वास, एवढंच हातानं करून दाखवा. रुग्णाला मिनिटभर वर बघायला लावा. पापणी हळूहळू उतरते. मग रुमालात गुंडाळलेला बर्फ मिटलेल्या डोळ्यावर 2 मिनिटं. पापणी 2 मिमी तरी उचलली, तर मायस्थेनियाचा संशय पक्का. मोजमाप लगेच घ्या, डोळा पुन्हा गरम झाला की फरक जातो.

खरी चूक होते ऑक्सिमीटरवर विसंबल्यानं. स्नायू थकले तरी ऑक्सिजन अगदी शेवटी घसरतो. म्हणून एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. 20 च्या आत दम संपला तर दक्षिणेचं काणकोण असो वा उत्तरेचं पेडणे, 108 बोलावून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स टाळा, त्यांनी स्नायूंचा अशक्तपणा बळावतो.