दम लागला म्हणजे वेग वाढला असं नाही

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज सकाळी गोल्फ क्लब मैदानावर १०० मीटरच्या दहा स्प्रिंट मारतो, मध्ये एक मिनिट थांबतो. दोन महिने झाले, वेळ आहे तिथेच आहे. दहाच्या पंधरा करू का? (पंचवटी)

उत्तर : नका करू. दहाच्या पाच करा आणि विश्रांती वाढवा. जीव तोडून धावताना पहिली काही सेकंदं स्नायू त्यांच्यातच साठलेल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट इंधनावर चालतात. हा साठा एका मिनिटात पूर्ण भरत नाही, त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणजे तुमची पहिली स्प्रिंट खरी वेगाची, चौथी निम्म्या इंधनावरची आणि दहावी नुसती दमछाक. रोज तुम्ही पायांना हळू धावायचीच सवय लावताय!

प्रशिक्षकांचा एक साधा हिशेब आहे : पूर्ण वेगाच्या दर १० मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती. ३० मीटर धावलात तर तीन मिनिटं, ६० धावलात तर सहा. सुरुवातीला हे थांबणं आळशीपणाचं वाटतं, पण खरी मेहनत त्यामुळेच जमते.

मंगळवारी उभ्याने सुरुवात करून ३० मीटरच्या सहा स्प्रिंट मारा. शुक्रवारी ३० मीटरमध्ये हळूहळू वेग घ्या आणि पुढचे २० मीटर सगळं झोकून द्या. अशा चार-पाच पुरे. धावायला लागणारा वेळ वाढायला लागला की त्या दिवसाचं काम संपलं, मोजणी पुरी करायचा हट्ट नको. १०० मीटर अखेरपर्यंत कुणीच पूर्ण वेगात धावत नाही. २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम करताना उसेन बोल्टचा सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात होता, शेवटी तोही किंचित मंदावला. म्हणून आधी सर्वाधिक वेग वाढवा.

तुमची कमी विश्रांतीची पद्धत वाया जाणार नाही. भरतीतल्या १६०० मीटरसाठी ती उपयोगी आहे. फक्त दिवस वेगळा ठेवा.

प्रश्न : वय ४६, बैठी नोकरी. सपाटीवरच्या स्प्रिंट आता सोप्या वाटतात. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर धावू का? (पाथर्डी फाटा)

उत्तर : पायऱ्यांवर नको. वरून माणसं उतरत असतात, एक पाऊल चुकलं तर महागात पडेल. त्याऐवजी गाड्या नसलेला साधा चढ शोधा. चढावर पाय पूर्ण लांबत नाही, जमिनीचा दणकाही कमी बसतो. त्यामुळे तुमच्या वयाला सपाटीपेक्षा चढ सुरक्षित, आणि मेहनत मात्र जास्त. आठ सेकंद वर धावा, चालत खाली या, श्वास शांत झाला की पुन्हा. चारपासून सुरुवात करा, पहिले तीन आठवडे ताकद सत्तर टक्केच लावा. त्याआधी पंधरा मिनिटं वॉर्मअप हवाच. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : घोट्याला वजनं बांधून धावलं तर? (सातपूर)

उत्तर : नाही. पायाची लय बिघडते, गुडघ्यावर आणि मांडीच्या मागे ताण येतो. ओढायचंच असेल तर कमरेला दोरी बांधून हलका टायर ओढा, वेग फार पडू देऊ नका.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, २०० मीटर धावते. वर्षात दोनदा मांडीच्या मागची शीर धरली. दुखणं थांबलंय. स्पर्धा जवळ आहे, सरावाला पाठवू का? (नाशिकरोड)

उत्तर : तुमची काळजी अगदी योग्य आहे. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू भरून आला असं नाही, आणि एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो. पाय पुढे झेपावून जमिनीवर टेकण्याच्या बेतात असतो, त्या क्षणी ती ताणलेल्या अवस्थेत सगळा भार सांभाळते. म्हणून या स्नायूला ताणलेल्या स्थितीतच बळकट करायला हवं. गुडघ्यांवर बसून घोटे कुणीतरी घट्ट धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आठवड्यातून दोनदा, मोजकाच.

मग निम्म्या वेगाने धावणं, काही दिवसांनी सत्तर टक्के, त्यानंतर नव्वद. कुठेही ओढ जाणवली तर एक पायरी मागे. ही स्पर्धा हुकली तरी हुकू द्या. ती मैदानावर परतली की पहिले दोन आठवडे तिच्या प्रशिक्षकांना स्टॉपवॉच न लावण्याची विनंती करा.