'आम्ल फ्लोराइड' म्हणायचं का 'असाइल फ्लोराइड'?

प्रश्न असा आहे की एका प्रबंधाच्या मराठी सारांशात 'आम्ल फ्लोराइडची अमाइनशी अभिक्रिया केली' असं वाक्य आहे (अमाइन म्हणजे अमोनियासारखा नायट्रोजन असलेला पदार्थ), ते चालेल की असाइलच ठेवायचं, आणि हे फ्लोराइड म्हणजे टूथपेस्टमधलंच का.

असाइलच ठेवा. लॅबमध्ये बोलताना सगळे ॲसिड क्लोराइड, ॲसिड फ्लोराइड म्हणतात हे खरंय, पण ते ऐकणाऱ्याला रेणू डोळ्यासमोर दिसत असतो म्हणून चालून जातं. मराठीत 'आम्ल' केलं की वाचणारा 'आम्लधर्मी फ्लोराइड' असाच अर्थ लावणार, आणि तसा पदार्थ खरंच आहे ना! पोटॅशियम हायड्रोजन फ्लोराइड, ज्याला पोटॅशियम ॲसिड फ्लोराइड असंही म्हणतात. वर हाच क्षार बेन्झॉइल क्लोराइड या ॲसिड क्लोराइडवर वापरून बेन्झॉइल फ्लोराइड करता येतं, म्हणजे एकाच परिच्छेदात 'आम्ल फ्लोराइडपासून आम्ल फ्लोराइड केलं' लिहायची पाळी येईल.

असाइल म्हणजे कार्बोक्सिलिक आम्लातला ओएच काढला की उरतो तो गट, कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन आणि एका बाजूला बाकीचा रेणू. ओएचच्या रिकाम्या जागी फ्लोरिन बसला की असाइल फ्लोराइड. म्हणजे आम्ल हे त्याचं मूळ झालं, गुणधर्म नाही. शेवटचा 'आइल' किंवा 'इल' ग्रीक 'हुले'वरून आलाय, अर्थ लाकूड किंवा द्रव्य. वोलर आणि लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1832 साली बेन्झॉइल हे नाव ठेवलं तेव्हा तो रसायनात आला आणि मग मिथाइल, इथाइल अशी रांगच लागली. त्या रांगेत असाइल सहज बसतं, वेगळा मराठी शब्द घडवायची मला तरी गरज दिसत नाही.

आता टूथपेस्ट. तिथलं सोडियम फ्लोराइड किंवा चंद्रपूर-यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड म्हणजे सुटा ऋणभारित आयन. असाइल फ्लोराइडमधला फ्लोरिन कार्बनला सहसंयुज बंधाने घट्ट धरलेला असतो, पाण्यात मिठासारखा सुटा होत नाही. नाव एक, वागणं पूर्ण वेगळं, म्हणून सारांशात नुसतं 'फ्लोराइड' लिहून पुढे जाऊ नका, प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहा.

आणि हा घट्टपणाच या पदार्थाचा खरा गुण आहे, शब्द नीट वापरायचा तर तो कळायला हवा. ॲसिड क्लोराइड पाण्याशी फार तापट, दमट हवेतसुद्धा धूर सोडतं. फ्लोरिन आपली इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या कार्बोनिलला, म्हणजे दुहेरी बंधाच्या कार्बन-ऑक्सिजन जोडीला, जास्त चांगली देतो आणि कार्बन-फ्लोरिन बंधही मजबूत, त्यामुळे असाइल फ्लोराइड पाण्याला बरंच दाद देत नाही, तरी अमाइन दिसलं की पटकन अमाइड करतं. पेप्टाइडवाल्यांना, म्हणजे अमिनो आम्लं साखळीत जोडणाऱ्यांना, नेमकं हेच हवं असतं. लुई कार्पिनो, म्हणजे एफमॉक गट (अमिनो आम्लाचं नायट्रोजनचं टोक तात्पुरतं झाकणारा गट) आणणाऱ्यांपैकीच एक, यांनी 1990 च्या सुमारास एफमॉक अमिनो आम्लांची फ्लोराइडं करून दाखवली. बॉक (असाच दुसरा झाकणारा गट) संरक्षण असलेल्या अमिनो आम्लाचं क्लोराइड टिकत नाही, टर्शरी ब्युटाइल गमावून वलयाकार अनहायड्राइड होऊन बसतं, फ्लोराइड मात्र वेगळं काढून ठेवता येतं. अमिनोआयसोब्युटिरिक आम्लासारखी दोन मिथाइलांनी गर्दी केलेली अमिनो आम्लं एकमेकांना जोडायची तर बाकीचे अभिकर्मक रेंगाळतात, तिथे फ्लोरिन लहान असल्याचा फायदा होतो.

करायच्या पद्धतींबद्दल थोडक्यात, कारण सारांशात ही नावं येतीलच. एक जुनी म्हणजे क्लोराइडवर पोटॅशियम फ्लोराइड टाकून हॅलोजनची अदलाबदल. थेट आम्लापासून करायचं तर सायन्युरिक फ्लोराइड आणि पिरिडीन, यात सायन्युरिक आम्ल गाळ म्हणून खाली बसतं आणि गाळून टाकता येतं. डास्टही (डायइथाइलअमिनोसल्फर ट्रायफ्लोराइड) चालतं पण ते तापवलं तर स्फोट होऊ शकतो. सल्फर टेट्राफ्लोराइड तर असाइल फ्लोराइडवर थांबतच नाही, जोर लावला की पुढे ट्रायफ्लोरोमिथाइलपर्यंत नेतं, म्हणून नुसतं 'फ्लोरिनीकरण केलं' लिहिलंत तर वाचणाऱ्याला कुठपर्यंत केलं ते कळणार नाही, काय मिळालं ते लिहाच.

एक उदाहरण देतो ज्याने क्लोराइड आणि फ्लोराइड एकच समजणं किती चूक ते दिसेल. फॉर्मिल क्लोराइड साध्या तापमानाला टिकत नाही, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड होऊन फुटतं. फॉर्मिल फ्लोराइड मात्र वेगळं काढता येतं, आणि रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओलाह यांनी ते बोरॉन ट्रायफ्लोराइडसोबत वापरून बेन्झिनच्या वलयावर सरळ अल्डिहाइड बसवलं. त्याच ओलाहना कार्बोकॅटायनच्या (कार्बनवर धनभार असलेल्या आयनांच्या) कामासाठी 1994 चं नोबेल मिळालं, आणि असाइल फ्लोराइडवर अँटिमनी पेंटाफ्लोराइड टाकून फ्लोरिन ओढून घेतला की मिळणारे असायलियम क्षार (असाइल गटाच्या धन आयनाचे) त्याच कामातले.

तर तुमचं वाक्य असं करा: 'असाइल फ्लोराइडची अमाइनशी अभिक्रिया केली असता अमाइड मिळालं आणि हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडलं, ते आम्ल उदासीन करायला आम्लारी घातला.' इथे 'आम्ल' शब्द अगदी बरोबर आहे, कारण सुटलेलं हायड्रोजन फ्लोराइड खरोखर आम्ल आहे, काच खातं आणि कातडीतून आत शिरून भाजतं, त्यामुळे प्रबंधात सुरक्षिततेची ओळ असेल तर ती सारांशातही घ्या.