‘झालं’ कोण म्हणणार?

“गाणं तयार आहे मॅडम, पण सोडवत नाही.”

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेगवेगळ्या तोंडून येतं. कुणाचा प्रबंध अडकलेला असतो, कुणाचा कवितासंग्रह. अलीकडे गाणी घेऊन येणारी मुलं-मुली बऱ्याच भेटतात. घरातल्याच खोलीत, लॅपटॉपवर, एकट्यानेच गाणं लिहायचं, चाल लावायची, वाजवायचं, गायचं, रेकॉर्ड करायचं आणि मिक्सही करायचं, म्हणजे सगळे आवाज जुळवून एक करायचे. याला ती ‘बेडरूम पॉप’ म्हणतात. शेवटी प्रश्न तोच येतो: ‘सगळं झालंय, पण लोकांसमोर आणायला हात धजत नाही. माझ्यात आत्मविश्वास कमी आहे का?’

या प्रश्नाला मी पूर्वी जे उत्तर देत असे, ते एका मुलीमुळे बदललं. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, तिची हकिकत सांगते. तिला आपण रेवा म्हणू.

रेवा पंचविशीतली, कर्वेनगरला राहणारी. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. घरी आई, बाबा, आजी. ‘बेडरूम’ म्हणायचं खरं, पण ती खोली तिची एकटीची नाही, आजीची आणि तिची मिळून आहे. रात्री साडेअकराला आजी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते. डबीचं झाकण टक् करून लागलं की रेवाचं काम सुरू. पंखा बंद करायचा, एप्रिलमध्येसुद्धा, कारण माइकला पंख्याची घरघर ऐकू येते. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडायची. आतल्या साड्यांमध्ये आवाज मुरतो, भिंतीवर आपटून परत येत नाही. मग माइकसकट डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि शेजारच्या खोलीतल्या आईबाबांची झोपमोड होणार नाही इतक्या हलक्या आवाजात गायचं. या प्रकारच्या गाण्यांमध्ये कानाशी कुजबुजल्यासारखा जो आवाज असतो, त्यात अशा अडचणींचाही वाटा असणार, हे मला तिच्याकडून कळलं.

चार मराठी गाण्यांचा तिचा पहिला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, होता. ती माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच गाण्याची ५८वी आवृत्ती चालू होती. दोन वर्षं होत आली होती.

अडलं कुठे, तर सातव्या सेकंदाला. गिटार सुरू होण्याआधी आजी कूस बदलते आणि कॉटची फळी वाजते. अगदी बारीक. ते काढण्यासाठी तिने आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर वापरलं. फळीचा आवाज गेला, पण गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ पत्र्यावर घासल्यासारखे ऐकू यायला लागले. ते मऊ केले तर शब्द बोथट झाले. शब्द उजळले तर श्वास टोचायला लागले. तीन महिने यात गेले. बाबांची तक्रार वेगळीच होती: “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते, सकाळी ऑफिसची बस, हिची तब्येत राहणार कशी?”

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती आहे असं मी धरून चालले आणि हाताशी असलेली पद्धत काढली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी समुपदेशकांच्या चांगली परिचयाची आहे. माणूस स्वतःच्या इच्छेचं हट्टात रूपांतर करतो, ‘आवडलं तर बरं’चं ‘आवडलंच पाहिजे’ करतो, आणि त्या ‘च’ने स्वतःला छळतो, हे तिचं सार. आम्ही तिचे ‘च’ शोधले. तिला सगळं पटलं. तिने वहीत व्यवस्थित लिहून घेतलं. पुढच्या भेटीला आली तेव्हा ६१वी आवृत्ती चालू होती.

पटूनही वागणं बदलत नसेल तर मी चुकीच्या दाराशी उभी आहे, असं मी समजते. म्हणून तिसऱ्या भेटीत वेगळा प्रश्न विचारला. समुपदेशनात याला अपवाद शोधणं म्हणतात: त्रास नेहमी होतो, तर तो झाला नाही असा प्रसंग कुठला?

“तू शेवटचं गाणं पूर्ण कधी केलंस?”

ती म्हणाली, “कॉलेजात. फिरोदियाला.”

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, फिरोदिया करंडक ही इथली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. नाट्य, नृत्य, संगीत, चित्र, सगळ्या कला एकाच सादरीकरणात गुंफायच्या. रेवाने तिथे दोन वर्षांत सहा गाणी केली होती. एकही अडलं नव्हतं.

“मग ती पूर्ण कशी झाली?”

“दिग्दर्शक म्हणायचा, ‘चाल लॉक. पुढे चला.’”

“लॉक झाल्यावर तुला त्यात दोष दिसायचे नाहीत?”

“दिसायचे की. पण मग ते माझे एकटीचे नसायचे, ग्रुपचे असायचे.”

मला वाटतं, त्या भेटीत याहून महत्त्वाचं काही बोललं गेलं नाही. आत्मविश्वास कमी असलेली मुलगी चाळीस जणांच्या तालमीत नवीन चाल गाऊन दाखवत नाही. तिच्याकडे हिंमत होती. ‘झालं’ म्हणणारं माणूस तेवढं नव्हतं.

आपल्याकडे हे काम नेहमी दुसऱ्या कुणाचं असतं, याकडे माझं आधी लक्ष गेलं नव्हतं. रेवाचे बाबा शास्त्रीय संगीताचे पक्के श्रोते. सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी क्वचितच चुकवला असेल. भीमसेन जोशींनी १९५३मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो उत्सव. त्या परंपरेत शिष्याने बैठकीत कधी गायचं हे शिष्य ठरवत नाही. गुरू सांगतो, ‘आता बैठकीला बस.’ ती आज्ञा असते, तसाच तो आधारही असतो, कारण पुढे सूर हलला तरी बसवणारा सोबत असतो. नाटकात दिग्दर्शक असतो, पुस्तकाला संपादक असतो. गोधडीखाली बसलेल्या मुलीला यातलं कुणीच नाही. तीच गायिका, तीच रेकॉर्डिस्ट, तीच परीक्षक. आणि परीक्षकाला पगार मिळतो तो दोष काढण्याचा.

स्वतःला टोचायला तिच्याकडे एक उदाहरण होतं. अमेरिकन गायिका बिली आयलिशचा पहिला अल्बम घरातल्या खोलीत तयार झाला, २०१९मध्ये आला, २०२०मध्ये ग्रॅमी घेऊन गेला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. “आणि मी पंचविशीची होऊन सात सेकंदांवर अडकलेय.” मी तिला एवढंच विचारलं की त्या खोलीत किती जण होते. दोघं होती. गाणी घडवणारा, निर्मिती करणारा तिचा भाऊ फिनियस शेजारीच होता. मिक्सिंग आणि मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात फिरवणं, तर आणखी दोघांनी केलं. रेवाला हे माहीत होतं. तिने ते मोजलं नव्हतं.

पुढचा रस्ता तिच्या नोकरीने दाखवला. मी विचारलं, “तुमच्याकडे डेव्हलपर स्वतःच लिहिलेलं काम स्वतःच तपासून पास करतो का?”

“छे. चालतच नाही.” मग बराच वेळ काही बोलली नाही.

“आणि एकही बग नसेल तेव्हाच रिलीज होतं?”

“नाही ना. नोन इश्यूजची, म्हणजे माहीत असलेल्या दोषांची, यादी जोडतो आणि सोडतो.”

पुढच्या आठवड्यात तिने गाण्याची यादी करून आणली, ऑफिसात करते तशीच तक्त्यात. २७ दोष. प्रत्येकापुढे गंभीरता: ब्लॉकर (असला तर सोडताच येत नाही), मेजर, मायनर, कॉस्मेटिक (नुसता वरवरचा). हे रकाने भरायला मी सांगितलंच नव्हतं, तिचा हातच तसा वळणाचा. ब्लॉकर एकही नव्हता. मेजर दोन निघाले: दुसऱ्या कडव्यात गिटार तालाच्या पुढे पळत होतं, आणि फोनच्या स्पीकरवर ध्रुवपदाचे शब्द कळत नव्हते. हे दोन्ही खरे दोष होते आणि दोन रात्रींत दुरुस्त झाले. उरलेले २५ मायनर किंवा कॉस्मेटिक. दोन वर्षं ती या पंचविसांशी झगडत होती.

यादीतला एक दोष तर आम्ही खोडूनच टाकला. ‘माझा आवाज पातळ आणि परका वाटतो.’ हे जवळपास प्रत्येकाला वाटतं. बोलता-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि त्या वाटेने त्यातला खर्ज भरून येतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते. म्हणजे आपल्याला जो परका वाटतो, तोच आवाज बाकीचे सगळे रोज ऐकत असतात.

मग दुसरा कान आणायचा होता. फिरोदियात साउंड सांभाळणारा तिचा एक मित्र सिंहगड रोडला राहतो, त्याला तिने बोलावलं. मी त्यांना एक प्रयोग दिला. आवृत्ती १२, ४० आणि ६१, तिन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणायचा, कारण कानाला जे किंचित मोठं असतं तेच बरं वाटतं. नावं झाकायची, क्रम तो ठरवणार, ती डोळे मिटून ऐकणार. तीन फेऱ्या झाल्या. तिने दोनदा १२ निवडली, एकदा ४०. ६१ एकदाही नाही. आणि १२ म्हणजे सफाई सुरू होण्याआधीची, आजीची कूस असलेली. दोन मेजर दुरुस्त्या त्या आवृत्तीत करायच्या असं ठरलं.

‘लॉक’ म्हणायचा अधिकार तिने त्या मित्राला दिला. त्याने १२वर दोन बैठका घेतल्या आणि म्हटलं. लॉक झाल्यावर सुचणारी प्रत्येक सुधारणा वहीत जाणार, पुढच्या गाण्यासाठी. शुक्रवार ठरला, कारण नवीन गाणी बहुतेक शुक्रवारीच येतात. गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या वितरकाकडे फाइल दोन आठवडे आधी गेली. त्या दोन आठवड्यांत तिला तीनदा गाणं मागे घ्यावंसं वाटलं. एकदा तिने मला रात्री मेसेज केला. मी लिहिलं, “वहीत लिही.” ती वही नंतर तिने दाखवली. सव्वाचार पानं भरली होती.

गाणं आलं. पहिल्या आठवड्यात ७४ वेळा वाजलं.

आता इथे समुपदेशकाच्या तोंडावर एक वाक्य तयार असतं: संख्येला महत्त्व नाही. मी ते म्हटलं नाही, कारण तिच्यासाठी संख्येला महत्त्व होतं. २०२४पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही. “म्हणजे माझं गाणं हिशेबातच नाही,” ती म्हणाली, आणि हिशेबापुरतं ते खरं होतं. एका छोट्या बैठकीइतकी माणसं झाली की, असं मी म्हणून पाहिलं. तिला पटलं नाही. नंतर विचार केल्यावर वाटलं, पटण्यासारखं नव्हतंच. बैठकीत चेहरे दिसतात. कुणी मान हलवतं, कुणी उठून जातं. ७४ या आकड्याला चेहरा नाही.

म्हणून आम्ही आकडे आणि चेहरे वेगळे केले. दिवसातून तीस-चाळीस वेळा आकडा बघायची तिला सवय लागली होती. कधी दोनने वाढलेला असतो, कधी नाही, आणि असं कधीतरीच मिळणारं बक्षीस माणसाला जास्त गुंतवून ठेवतं. फोनमधलं ॲप काढलं. आकडा फक्त रविवारी सकाळी, लॅपटॉपवर. आणि चेहऱ्यांसाठी एका शनिवारी मित्राच्या गच्चीवर ती नऊ जणांसमोर गिटार घेऊन ते गाणं गायली. मधल्या ओळीला एक मुलगी फोन ठेवून बघायला लागली, एवढं तिने मला सांगितलं. आकड्याबद्दल त्या भेटीत ती बोलली नाही.

हे वाचणाऱ्या आईवडिलांसाठी थोडं. दार लावून रात्री गाणं करणं हा आजार नाही. पण झोप आठवडेच्या आठवडे चार-पाच तासांवर आली, कामावर जाणं चुकायला लागलं, जेवणावरची वासना उडाली, किंवा ‘मी कशालाच लायक नाही’ अशी भाषा यायला लागली, तर प्रश्न गाण्याचा राहत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि त्या आधीच्या टप्प्यावर असाल तर ‘झालं का गं तुझं गाणं?’ असं रोज विचारू नका. त्याऐवजी ऐकवशील का, असं एकदा विचारा आणि ऐकताना काही बोलू नका.

रेवाच्या बाबांना मी हेच सांगितलं होतं. शेवटच्या भेटीत तिने मला त्याचं काय झालं ते सांगितलं. बाबांनी हेडफोन लावून गाणं पूर्ण ऐकलं. ऐकताना खरंच काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात गंधार थोडा उतरलाय.”

“माहितीये बाबा. यादीत १९वा आहे.”

“कसली यादी?”

तिने लॅपटॉपवर दाखवली. चष्मा लावून त्यांनी २७च्या २७ ओळी वाचल्या. पहिल्या ओळीवर परत आले. ‘०:०७, आजीची कूस’ आणि त्याच्यापुढच्या रकान्यात ‘ॲज डिझाइन्ड’. हे काय, त्यांनी विचारलं.

“म्हणजे ठरवून ठेवलेलं.”

बाबांनी हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि ते सात सेकंद परत ऐकले.