मामांची बुलेट बॉबर करा, पण चिमटा कापू नका

तुझा प्रश्न थोडक्यात असा. मामांकडून १९९८ ची बुलेट स्टँडर्ड ३५० मिळाली आहे, तिची बॉबर करायची, म्हणजे जादा पत्रा उतरवलेली, एकट्याच्या सीटची गाडी. पुढचं मडगार्ड काढायचं, मागचा चिमटा (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा स्विंगआर्म) कापून हार्डटेल, म्हणजे शॉकअप नसलेला ताठ मागचा भाग, वेल्ड करून घ्यायचं, मागे १३० चा टायर, आखूड पाइप, सिंगल सीट, आणि दिवाळीला गाडी रस्त्यावर. वेल्डर तयार आहे, दोन दिवसांत करून देतो म्हणतो. पहिलं काम कर, त्या वेल्डरला नको म्हणून सांग. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

हार्डटेलचं खूळ कुठून आलं ते बघ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोरांनी हार्ले आणि इंडियन गाड्यांचं वजन उतरवायला सुरुवात केली. मडगार्ड तोडलं, जादा पत्रा काढला, एकट्यापुरती सीट ठेवली. हार्लेला तेव्हा मागे शॉकअप नसायचेच. हार्लेच्या मोठ्या गाडीला मागचे शॉकअप १९५८ साली आले. म्हणजे हार्डटेल कुणी मुद्दाम बनवलं नव्हतं, कंपनीतूनच गाडी तशी यायची. उलट बुलेटचं बघ. १९४९ साली इंग्लंडात ती विकायला आली तेव्हा तिचं नाव झालं ते मागच्या चिमट्यामुळे आणि शॉकअपमुळे. जी गोष्ट बुलेटला बहुतेकांच्या आधी मिळाली, तीच आपण ग्राइंडर लावून काढायची? जावा पेराक बघ, मोनोशॉक सीटखाली लपवलाय. रॉयल एनफिल्डने २०२४ साली गोअन क्लासिक आणली, तिच्यातही मागे शॉकअप आहेतच. दिसायला बॉबर, पाठीला शॉकअप.

घरच्या वेल्डिंगचा दुसरा धोका सांगतो. मागचा त्रिकोण जिगवर (पाइप सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर) न बसवता नजरेने जोडला की मागचा एक्सल आणि पुढचा एक्सल एका रेषेत राहत नाहीत. वेल्ड थंड होताना पाइप ओढतो, ते तर कुणाच्याच हातात नसतं. मग चेन दातांवर एका बाजूने चढते आणि गाडी सरळ रस्त्यावर एका अंगाला ओढते. शॉकअप काढून त्यांच्या जागी लोखंडी दांडे लावणं हा आणखी वाईट प्रकार. जो मार स्प्रिंग खात होती तो सगळा वरच्या बोल्टवर येतो, आणि ती जागा तेवढ्या माराची नाही. आपल्या सोलापुरातले स्पीडब्रेकर तुला माहीत आहेत. विजापूर रोडवर सकाळी एक फेरी मारली तरी कळेल.

बॉबर दिसते ती चार गोष्टींमुळे: सीट, मागचं मडगार्ड, हँडल आणि टायर. चारही बोल्टवर होतात.

सीटपासून धर. पुढे बिजागरी, मागे दोन स्प्रिंगा, अशी सुटी सीट. जुन्या बुलेटची चामडी सीट अशीच स्प्रिंगांवर असायची, तेव्हा हे बुलेटला परकंही नाही. पुढची बिजागरी मूळ सीटच्या बोल्टवरच पट्टी टाकून घे. मागच्या स्प्रिंगांसाठी चॅसीच्या पाइपवर यू-क्लँप आणि आत रबराची पट्टी, वेल्डिंग नको. आपल्या गावात यंत्रमागांमुळे लेथवाले आणि फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत. लूमचे बुश आणि पट्ट्या करणाऱ्या माणसाला असा क्लँप म्हणजे चहा येईपर्यंतचं काम. फक्त कागदावर मापं मिलिमीटरमध्ये लिहून दे. 'असं असं कर की' म्हणून हातवारे केलेस तर तो त्याच्या मनाने करील. स्प्रिंग तुझ्या वजनाची हवी. मऊ असली तर खड्ड्यात सीट खाली आपटते आणि मणका बोलायला लागतो. सीटवर बसून कुणाला तरी खांद्यावरून दाबायला सांग. पूर्ण दाबल्यावरही सीटचा तळ आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे. रेक्झिन काळं घेऊ नकोस. मे महिन्यात दुपारी उभी केलेली गाडी परत घ्यायला गेलास की कारण विचारणार नाहीस. तपकिरी बरं.

मडगार्डवर जरा जास्त बोलतो, कारण बहुतेक बॉबर इथेच फसतात. मूळ मडगार्ड कापू नकोस, ते गुंडाळून माळ्यावर ठेव. भंगारातून चेपलेलं का असेना, दुसरं आण आणि ते काप. पत्रा जाड बघ. पातळ पत्र्याचं कापलेलं मडगार्ड बुलेटच्या थरथरीत टिकत नाही. भोकाच्या कडेपासून केसासारखी रेघ निघते, पुढे ती स्टेपर्यंत (मडगार्डला धरणाऱ्या दांडीपर्यंत) जाते आणि एक दिवस अख्खं मडगार्ड टेललाइटसकट चाकावर बसतं. म्हणून भोकाच्या मागे आतून पत्र्याचा तुकडा लावून जाडी वाढव, बोल्टला रबर वॉशर आणि नायलॉक नट घाल. रेघ दिसलीच तर तिच्या टोकाला बारीक भोक पाड, ती तिथे थांबते, आणि मग आतून पट्टी लाव.

आता अंतर. मडगार्ड टायरला चिकटून दिसलं पाहिजे हे खरं, पण गाडी स्टँडवर असताना अंतर मोजून काही कळत नाही. मागचे दोन्ही शॉकअप सोडव, चाक हाताने वर उचल, शॉकअप पूर्ण दबल्यावर जिथे येईल तिथपर्यंत. त्या जागी टायर, मडगार्ड, टेललाइटची वायर, नंबरप्लेटचा बोल्ट यातलं एकमेकांना काही लागतंय का ते टॉर्च मारून बघ. वायरीकडे विशेष बघ, कारण ती मडगार्डच्या पोटातून जाते आणि टायरने तिचं कव्हर खाल्लं की रात्री तुळजापूर रोडवर मागचा दिवा गेलेला तुला कळणार नाही, मागच्या ट्रकला कळेल.

पुढचं मडगार्ड मात्र ठेव. आखूड कर हवं तर, पण दुसऱ्या मडगार्डावर. त्याच्या पट्ट्या पुढच्या दोन्ही शॉकअपना एकत्र धरतात, ते काढलं की ब्रेक मारताना पुढचा भाग पिळल्यासारखा वाटतो. शिवाय पावसात काळ्या मातीचा चिखल थेट इंजिनच्या हेडच्या पाख्यांवर बसतो आणि वाळून तिथेच राहतो. इंजिन थंड व्हायचं कुठून?

हेडलाइटचं ते मोठं आवरण काढून साधा गोल दिवा लावायचा विचार असेल तर थांब. बुलेटमध्ये ते नुसतं आवरण नाही. शॉकअपचे पाइप वरून त्यातच बसतात आणि हँडलही त्यावरच धरलेलं असतं. ते राहू दे, वरचे दोन छोटे दिवेही राहू देत.

हँडल थोडं रुंद आणि खाली घे, माकडासारखं लटकायला लावणारं उंच नको. बदलल्यावर गाडी चालू ठेव, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरव. फिरवताना इंजिनचा आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, तशी गाडी बाहेर काढू नकोस.

टायर १३० चा नको. जुन्या चिमट्यात चेनच्या बाजूला जागा पुरत नाही. त्याच हबवर १८ इंची रिम बांधून ११० चा टायर घाल, भरीव दिसतो. मागच्या चाकाचा घेर लहान झाला तर गाडी थोडी ओढीची होते आणि त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरतं, हे लक्षात ठेव. रिम बांधणारा आउट (चाकाचं डुलणं) काढण्यात पक्का हवा.

कायद्याचं गोड करून सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदीशी आणि कंपनीने दिलेल्या रचनेशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सिंगल सीट, उघडा पाइप, कापलेली चॅसी, सगळं यात अडकू शकतं. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले तर तो वेगळा ताप. चॅसी कापलीस तर परतीची वाट नाही. बोल्टवरची गाडी एका दुपारी पुन्हा मूळ रूपात येते, एवढाच फरक आहे, आणि तो मोठा आहे. आरसीवर दोघांची सीट आहे, म्हणून मूळ सीट आणि मागचे फूटरेस्ट जपून ठेव. साडीगार्डही टाकू नकोस, आई मागे बसणार असेल तर ते लागेलच.

म्हणून कागद आधी, गाडी नंतर. १९९८ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनी एकदा आणि पुढे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. ते झालंय का, गाडी अजून मामांच्याच नावावर आहे का, पर्यावरण कर भरलाय का, हे सगळं गाडी मूळ अवस्थेत असताना आरटीओत उरकून घे. एमएच १३ ची एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घे. रंग बदलणार असशील तर आरसीवर नोंद लागते.

पावडर कोटिंगला देणार असशील तर चॅसी नंबरवर आधी उष्णता सहन करणारी टेप मारायला सांग. जाड थर बसला की नंबर बुजतो, आणि आरटीओत पेन्सिल प्रिंट काढायला गेल्यावर कागदावर नुसता काळा पट्टा उमटतो. तिथे सॅंडब्लास्टिंग आणि ग्राइंडरही नको, अंक झिजले तर संशय तुझ्यावर. कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्या आणि आटेही झाकून घे. आणखी एक, जे कोटिंगवाला सांगत नाही: अर्थिंगच्या जागी पावडर बसली की दिवे मंद होतात, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, आणि लोक उगाच बॅटरी बदलत बसतात. अर्थचा बोल्ट जिथे बसतो तेवढी जागा घासून लोखंड उघडं कर.

पाइपबद्दल. आखूड उघडा पाइप लावलास की पिकअप जातो, आवाज वाढतो आणि पोलीस थांबवतात. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याचे फोटो राज्यभर आलेत. मूळ सायलेन्सर छान काळा कर. त्या गाडीचा ठोका तसाच चांगला वाटतो, उगाच गाढवाला सुरात गायला लावू नये. एअर फिल्टर बदलून उघडा पॉड फिल्टर बसवायचा म्हणत असशील तर आपल्या धुळीत तोही नको. तरीही हवेचा मार्ग बदललास तर कार्बोरेटरचा मेन जेट मोठा लागतो. प्लग काढून बघ. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आणि बिडाच्या बुलेटचा पिस्टन ४४ डिग्रीच्या उन्हात असाच जॅम होतो.

इंजिनला हात लावायच्या आधी गाडी आहे तशी चालवून बघ. हे लै महत्त्वाचं आहे, कारण या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. तू आजवर उलटं चालवलंयस. समोर रिक्षा अचानक वळली की घाबरून उजवा पाय दाबला जातो आणि ब्रेकऐवजी गिअर बदलतो. महिनाभर जुळे सोलापूरच्या मोकळ्या रस्त्यांवर फिरव, पाय शिकू दे. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे, त्याचे लायनर नवे घाल, ड्रमला गोलाई नसेल तर लेथवर टर्न करून घे. पैसे कमी पडले तर सीट पुढच्या वर्षी, लायनर आणि टायर आत्ता.

किक मारायची पद्धत मामांकडून शिकून घे, तरी सांगतो. चावी चालू करून किक हळू दाबत अँपिअरच्या काट्याकडे बघ. काटा मायनसला जाऊन परत मध्ये आला की डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक अगदी थोडी पुढे सरकव, डीकॉम्प सोड, किक पूर्ण वर येऊ दे, आणि मग शेवटपर्यंत एक लांब किक. अॅक्सिलरेटर पिळायचा नाही. नुसती ताकद लावलीस तर ती उलटी किक मारते, पिंढरी आठवडाभर दुखते. टॅपेट थंड इंजिनवर बघायचे. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

तयार झाल्यावर पहिली फेरी लांबची नको. हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत जा, थांब, हाताने सगळे बोल्ट चाचप. काही सैल निघणारच, बुलेट आहे ती. दुसऱ्यांदा तुळजापूर. नंतर पहाटे निघून नळदुर्ग, आणि ऊन चढायच्या आत घरी. हैदराबाद हायवेवर ट्रक ओलांडून गेला की वाऱ्याचा झोत छातीवर येतो, रुंद हँडलला तो जास्त जाणवतो, तेव्हा हात सैल आणि गुडघे टाकीला. साठ-सत्तरच्या पुढे नेऊ नकोस, या इंजिनला तिथेच बरं वाटतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेच्या दिवसांत गावात ती घेऊन जाऊ नकोस, गर्दीत क्लच धरून हात मोडेल आणि इंजिन तापून बंद पडेल ते वेगळं.

दिवाळीपर्यंत होईल का? आरटीओचं काम, लायनर, टायर, कार्बोरेटर, वायरिंग एवढं झालं तरी खूप. कार्बोरेटरचे रबर आणि पेट्रोलचा पाइप नवे टाक, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने फुगतात. सीट बसव, मडगार्ड नुसतं काळं मारून लाव आणि पावसाळाभर चालवून बघ, कुठे चिरतंय, कुठे घासतंय ते कळेल. रंग आणि कोटिंग त्यानंतर, म्हणजे पुढच्या दिवाळीला.