वाड्याच्या सामाईक विहिरीत शिसं आहे का हे टाकीतल्या पाण्याच्या टेस्टवरून कळेल का?

टाकीतलं पाणी भरून दिलंत तर रिपोर्ट बहुतेक चांगलाच येईल आणि तुम्हाला काहीच कळलेलं नसेल. तुमचा प्रश्न असा की गोव्यात डिचोलीकडे वीस-पंचवीस घरांचा वाडा, एक सामाईक बांय (विहीर), पंप, वर टाकी, तिथून घरोघरी पाइप, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आकडा एकदम कमी, पंचायतीच्या तपासणी किटमध्ये सगळं ठीक, मग शिशाची टेस्ट करायची गरज आहे का. मी फोंड्याला पाण्याच्या लॅबमध्ये नमुने घ्यायचं काम करतो त्यामुळे हे रोज कानावर येतं, आणि माझं उत्तर हो असंच आहे, पण नमुना टाकीचा नको, स्वैपाकघरातल्या नळाचा हवा.

कारण शिसं सहसा विहिरीतून येतच नाही, ते वाटेत मिसळतं. पितळी नळ नि व्हॉल्व्ह (पितळ नीट कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात), जुने जीआय पाइप (जस्त चढवलेले लोखंडी) ज्यांच्या जस्ताच्या थरात शिसं असायचं, आणि पीव्हीसी पाइप, ज्यात प्लास्टिक टिकावं म्हणून शिशाचं स्टॅबिलायझर सर्रास घालत होते, केंद्राने त्यावर नियम काढले ते २०२१ मध्ये, म्हणजे तुमच्या वाड्यातली त्याआधीची लाइन कुठल्या मालाची आहे ते देवालाच ठाऊक. आता हे धातू पाण्यात किती उतरतात ते पाण्यावर अवलंबून, आणि इथंच आपलं गोंयचं पाणी आडवं येतं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं आणि आम्लाकडे झुकतं, पीएच (७ च्या खाली म्हणजे पाणी आम्ल) साडेसहाच्या खाली असणं काही नवल नाही. असं पाणी धातू खातं. तुम्ही कमी टीडीएसवर खूश आहात पण शिशाच्या बाबतीत तेच मला खटकतं, कारण क्षार नसलेल्या पाण्याने पाइपच्या आतून तो पांढरा थर धरत नाही जो धातू झाकून ठेवतो. बेसिनमध्ये नळाखाली हिरवट-निळसर डाग आहेत का बघा, असतील तर तांबं-पितळ झिजतंय. (लाल डाग म्हणजे लोखंड, तुमच्याकडे खाणपट्ट्यात ते असतंच, लोक त्यालाच घाबरतात. शिशाला ना रंग ना चव.)

टीडीएस मीटरला शिसं दिसत नाही हेही सांगून टाकतो. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकाची, आयएस १०५०० ची, मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १० पीपीबी (अब्जात दहा भाग), त्यात सूटही नाही, आणि मीटर मोजतो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग, हजारपट ढोबळ. पंचायतीकडच्या किटमध्येही शिसं नसतं, त्यात पीएच, क्लोराइड, नायट्रेट, लोह असली मंडळी असतात. पण त्यातला पीएच मात्र आजच बघून घ्या, फुकटात अर्धं उत्तर मिळेल.

नमुना घेताना रात्री जेवणं आटोपली की तो नळ बंद, सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, निदान ६ तास, आणि मग उठल्या उठल्या पहिलंच पाणी १ लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीत, आधी धार सोडून द्यायची नाही, नळाच्या तोंडाची जाळी काढायची नाही. मग पाच मिनिटं नळ सोडून दुसरी बाटली. पहिलीत शिसं जास्त नि दुसरीत नाही तर दोष त्या घरातल्या नळात-पाइपात, दोन्हीत असेल तर मागे, मेन लाइन किंवा पंपाकडे शोधा. एका घराच्या नमुन्यावर वाड्याचा निकाल लावू नका, अमेरिकेच्या नियमात १०० किंवा त्याहून कमी लोकांच्या योजनेलाही ५ ठिकाणचे नमुने लागतात, तुम्हीही पाच घरं घ्या, जुन्या लाइनीवरची आणि शेवटच्या टोकाची आधी. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली बघा आणि पैसे भरायच्या आधी विचारा की तुम्ही किती खालपर्यंत मोजता. रिपोर्टवर 'आढळलं नाही' लिहिलंय पण मशीनच ५० पीपीबीच्या खाली बघत नाही तर त्या कागदाचा उपयोग काय? आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट फर्नेस, म्हणजे अगदी कमी शिसंही मोजणारी मशीन, असेल तर बरं.

रिपोर्ट येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळून काही होणार नाही, वाफ गेली की शिसं उलट घट्ट होतं. यूव्हीने पण जात नाही, आरओने जातं. सकाळचं पहिलं पाणी झाडांना द्या, आणि घरात तान्हं बाळ पावडरच्या दुधावर असेल तर त्याच्यासाठी गीझरचं गरम पाणी अजिबात वापरू नका, लहान मुलांना शिशाचा त्रास सगळ्यात जास्त, मेंदूवर जातो. आकडा जास्त आला तर नळ बदलणं स्वस्त पडतं, पण पीएच कमी असेल तर नवे नळही तसेच झिजतील, तेव्हा टाकीच्या आधी चुनखडीच्या खड्यांचा फिल्टर बसवून पीएच वर आणणं हा पूर्ण वाड्याचा उपाय, खडे विरघळत जातात म्हणून अधूनमधून भर घालावी लागते, ते काम कोणाचं हे आधीच ठरवा नाहीतर भांडणं.

आणि पाणी साफ निघालं पण मुलाच्या रक्तात शिसं सापडलं असेल तर घरातल्या भांड्यांची कल्हई कोणी केली ते विचारा, स्वस्तातल्या कथलात शिसं मिसळलेलं असतं, त्यात आंबट सोलकढी नाहीतर चिंचेची आमटी ठेवली की झालं.