पहिलीच कादंबरी, आणि लाखांचा खप

प्रश्न : नवख्या लेखकाची पहिलीच कादंबरी तुफान खपते, तेव्हा प्रकाशकही चकित होतात. मुरलेल्या माणसांना आधी अंदाज कसा येत नाही?

अंदाज बांधायला हाताशी काही नसतं म्हणून. एरवी विक्रेता लेखकाच्या आधीच्या पुस्तकाचा खप बघून प्रती मागवतो. इथे मागचा आकडाच नाही. मग मागणी बेताची आणि आवृत्तीही लहान. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग 1997 साली निघाला तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या फक्त 500 प्रती छापल्या होत्या. खप अनपेक्षित वाटतो, त्याचं अर्धं कारण अपेक्षाच तुटपुंजी असते हे आहे.

बरं, पहिल्या आवृत्तीवरून पुढचं ठरतंच असंही नाही. अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या ‘कॅरी’च्या (1974) पुठ्ठा बांधणीच्या महाग आवृत्तीच्या जेमतेम 13,000 प्रती गेल्या. मात्र पेपरबॅकचे, म्हणजे कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्तीचे, हक्क आधीच 4 लाख डॉलरला विकले गेले होते. एवढी रक्कम गुंतवलेला प्रकाशक पुस्तक सहजी मागे पडू देत नाही. स्वस्त आवृत्ती पहिल्याच वर्षात दहा लाखांच्या वर गेली. (किंगने लिहून पूर्ण केलेली ही पहिली कादंबरी नव्हे, बरं का, त्याआधीच्या तेव्हा छापल्या गेल्या नव्हत्या.)

प्रश्न : पुस्तक चांगलं असेल तर तोंडी प्रसिद्धी आपोआप होत नाही का?

होते, पण उशिरा. वाचून संपवायचं, मग कुणाला तरी सांगायचं, त्याने दुकानात जायचं, यात महिने जातात. दुकानात मात्र नवं पुस्तक काही आठवडेच दर्शनी भागात राहतं. नंतर न खपलेल्या प्रती परत जातात. बहुतेक चांगली पुस्तकं इथेच मरतात. ग्रंथालयं, वाचकगट आणि स्वस्त आवृत्ती यांमुळे पुस्तक तोवर तग धरतं. अँडी वीअरची ‘द मार्शन’ आधी त्याच्या संकेतस्थळावर फुकट होती, 2011 मध्ये 99 सेंटना ई-बुक झाली. शिफारस ऐकली की लगेच विकत घेता येत होती. शिवाय कथासूत्र एका वाक्यात सांगता येतं : मंगळावर एकटा अडकलेला अंतराळवीर. ज्या कादंबरीबद्दल ‘वाचच, सांगता येणार नाही’ एवढंच बोलता येतं, तिचा प्रवास संथ होतो.

प्रश्न : माझी पहिली कादंबरी छापतो आहे. पुनर्मुद्रण कधी करावं?

वितरकाने उचललेल्या प्रती म्हणजे विक्री नव्हे, त्या परत येऊ शकतात. वाचकांनी प्रत्यक्ष किती घेतल्या ते दर आठवड्याला विचारा. आठवड्याला 50 जात असतील आणि छपाई, बांधणी, वाहतूक मिळून चार आठवडे लागत असतील, तर गोदामात 200 उरायच्या आत छपाई सुरू व्हायला हवी. खप चढता असेल तर 300 वरच. उशीर झाला तर ऐन चर्चेत पुस्तक ‘उपलब्ध नाही’. उलट, वितरकाच्या मागणीलाच विक्री समजून दुसरी आवृत्ती काढली, तर पहिलीच्या परत आलेल्या प्रती आणि दुसरीचे गठ्ठे एकाच गोदामात येऊन पडतात.