विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे एकच व्हीआयएमआरसी फाइल (विम या टेक्स्ट एडिटरच्या सेटिंग्जची फाइल) चालेल का?

हो, चालेल, विमचं 'हॅज' हे फंक्शन (विममध्ये अमुक सोय आहे का, हे सांगणारं) वापरून फाइलमध्येच इफ-एल्सइफच्या अटी टाका. 'विन३२' विचारलं तर विंडोजवर उत्तर १ (म्हणजे हो; ० म्हणजे नाही) येतं, ६४-बिट असलं तरीही. 'मॅक' हे मॅकसाठी, 'युनिक्स' हे बाकीच्यांसाठी. क्रम मात्र नीट पाळा: मॅकवर 'युनिक्स'चं उत्तरही १ येतं, म्हणून मॅकची अट आधी लिहा, नाहीतर तिच्यापर्यंत गाडी पोचतच नाही. विमच्या हेल्पमध्ये 'फीचर-लिस्ट' उघडलीत की सगळी नावं सापडतील. काही जण यासाठी सिस्टिमचं नाव सांगणारी 'युनेम' कमांड चालवतात. मला ते पटत नाही, कारण दर वेळी विम उघडताना वेगळी प्रोसेस सुरू होते आणि साध्या विंडोजवर ती कमांड नसतेच.

अटीत फक्त जे खरंच वेगळं आहे तेच ठेवा:

- जीव्हिमचा (विमच्या स्वतंत्र खिडकीवाल्या रूपाचा) फाँट: विंडोजवर 'कन्सोलास:एच११', जीटीकेवर (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी लायब्ररी) 'देजावू सान्स मोनो ११', म्हणजे आकार लिहायची पद्धतच वेगळी
- प्लगइनचा फोल्डर: विंडोजवर 'विमफाइल्स', इतरत्र 'डॉट विम'

एक लक्षात ठेवा, 'हॅज' मशीनबद्दल नाही, विमच्या बिल्डबद्दल (ते कोणत्या सिस्टिमसाठी तयार केलंय त्याबद्दल) सांगतं. सिगविनमधलं (विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारं सॉफ्टवेअर) विम विंडोजवर चालत असूनही 'विन३२'ला ० देतं. तिथे 'विन३२युनिक्स' तपासा. आणि फाइल युनिक्स फॉरमॅटमध्येच (ओळ संपवण्याची युनिक्सची पद्धत) सेव्ह करा, नाहीतर लिनक्सवर प्रत्येक ओळीच्या शेवटी '^एम' दिसून एररची रांग लागते.